कोंबडीच्या जबड्याच्या सांध्यातले हाड बोकडात कुठे गेले?

प्रश्न
विज्ञान शिक्षिका, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. पोळ्यानंतरच्या आठवड्यात हाडांचा पाठ सुरू केला, तेव्हा घरी किंवा वावराच्या धुऱ्यावर एखादे कोरडे हाड सापडले तर घेऊन या, असे मी मुलांना सांगितले होते. एका मुलाने धुऱ्यावर पडलेली बोकडाची कवटी खालच्या जबड्यासकट आणली आणि एका मुलीने घरी शिजवून स्वच्छ केलेले कोंबडीचे डोके आणले. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून आम्ही जबडा कुठे आणि कसा टेकतो ते पाहू लागलो.

बोकडाच्या जबड्याची प्रत्येक बाजू म्हणजे एकच सलग हाड असते, आणि त्याचे वरचे गुळगुळीत टोक कानाच्या भोकाच्या थोडे पुढे थेट कवटीलाच टेकते. कोंबडीचे तसे दिसले नाही. तिचा जबडा कवटीला थेट न टेकता मध्ये असलेल्या एका वेगळ्या, वाकड्यातिकड्या लहान हाडावर टेकतो आणि ते हाड बोटाने हलवले की हलते. ते डोके आणणाऱ्या मुलीने लगेच विचारले, "मॅडम, हे मधले हाड बोकडाला का नाही?"

रात्री वाचून मी दुसऱ्या दिवशी सांगितले की ते हाड बोकडाच्या कानात आहे. आपण कानाच्या पाठात ज्यांना हातोडी आणि ऐरण म्हणतो, ती मुळात जबड्याच्या सांध्याची हाडे होत. मुलांना हे फार आवडले. मात्र कवटी आणणाऱ्या मुलाचे समाधान झाले नाही. त्याच्या घरी बैलबंडी आहे. तो म्हणाला, "मॅडम, चालत्या बंडीचा आख काढून दुसरीकडे लावता येतो का? सांध्यातले हाड कानात जाईपर्यंत तो प्राणी खात कसा होता?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि ते मी वर्गात तसेच सांगितले. मला जाणकारांकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मधल्या काळातील प्राण्यांचा जबडा नेमका कशावर चालत होता? आणि आजही शेळीच्या पोटातल्या पिल्लात ही हाडे जबड्यातून कानाकडे सरकतात का, की ती पहिल्यापासून कानातच तयार होतात? याखेरीज मुलांना कानातली ही हाडे प्रत्यक्ष दाखवण्याचा एखादा साधा मार्ग कोणी सुचवला, तर मी आभारी राहीन.

उत्तर १
प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, चंद्रपूर

ताई, तुमच्या विद्यार्थ्याने अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक शरीरशास्त्रज्ञ याच जागी अडले होते. त्याचेच उदाहरण घेऊन सांगायचे, तर चालत्या बंडीचा आख कोणी काढला नाही. जुना आख जागेवर असतानाच शेजारी दुसरा बसला, बराच काळ बंडी दोन्हींवर चालली आणि जुन्यावर भार उरला नाही तेव्हा तो दुसऱ्या कामाला मोकळा झाला. हे अनुमान नाही. दोन्ही सांधे एकाच वेळी असलेल्या प्राण्यांचे जबडे दगडात सापडलेले आहेत.

आधी तुम्ही टेबलावर जे पाहिले ते नीट समजून घेऊ. कोंबडीच्या सांध्यातील त्या मधल्या हाडाला क्वाड्रेट म्हणतात आणि खालच्या जबड्याचा जो मागचा तुकडा त्याच्यावर टेकतो, त्याला आर्टिक्युलर म्हणतात. पाल, सरडा, साप, मगर, बेडूक या सर्वांचा सांधा याच जोडीचा असतो. शिवाय त्यांचा खालचा जबडा अनेक हाडांचा मिळून बनलेला असतो, आणि दात असणाऱ्यांत बहुतेक दात पुढच्या एका हाडात असतात. त्या पुढच्या हाडाला आपण दंतधारी हाड म्हणू. बोकड, बैल, कुत्रा, वाघ आणि माणूस यांच्या खालच्या जबड्यात फक्त हेच दंतधारी हाड उरले आहे, आणि ते कवटीच्या स्क्वामोझल नावाच्या हाडाशी थेट सांधले जाते. म्हणजे सस्तन प्राण्यांचा सांधा हा जुन्या सांध्याचा सुधारलेला नमुना नाही. तो वेगळ्याच दोन हाडांमध्ये, नव्या जागी तयार झालेला सांधा आहे.

जुनी जोडी कुठे गेली, याचे उत्तर जीवाश्मांच्या आधी गर्भातून मिळाले. योहान फ्रीड्रिख मेकेल यांनी १८२० मध्ये गर्भाच्या खालच्या जबड्यातील एका कूर्चेच्या कांडीचे वर्णन केले. आज तिला मेकेलची कूर्चा म्हणतात. पुढे १८३७ मध्ये कार्ल राइखर्ट यांनी मुख्यतः डुकराच्या गर्भांचा अभ्यास करून दाखवले की या कांडीचे मागचे टोकच हातोडी बनते आणि त्या टोकाला लागून असलेला कूर्चेचा तुकडा ऐरण बनतो. सरड्याच्या गर्भात कांडीचे हेच मागचे टोक आर्टिक्युलर होते आणि शेजारचा तुकडा क्वाड्रेट होतो. म्हणजे बोकडाची हातोडी हे सरड्याचे आर्टिक्युलर आहे, ऐरण हे क्वाड्रेट आहे, आणि बोकडाच्या कानातला हातोडी-ऐरणीमधला इवलासा सांधा हा त्याच्या फार दूरच्या पूर्वजांच्या जबड्याचा सांधा आहे. एर्न्स्ट गाउप यांनी १९१३ पर्यंत हा विचार इतक्या तपशिलाने मांडला की आजही तो राइखर्ट-गाउप सिद्धान्त म्हणून ओळखला जातो. तिसरे हाड म्हणजे रिकीब. तिचा जबड्याच्या सांध्याशी संबंध नाही. गर्भाच्या गळ्याजवळ कमानीसारखे जे उंचवटे असतात, त्यांतल्या दुसऱ्या कमानीपासून ती येते आणि कोंबडीच्या कानातही तिच्या जोडीचे एक बारीक दांडीसारखे हाड असते.

आता तुमच्या विद्यार्थ्याच्या शंकेकडे येतो. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांच्या मालिकेत पिढ्यान्‌पिढ्या दंतधारी हाड मोठे होत गेले आणि वर-मागे वाढत गेले. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या, दक्षिण आफ्रिकेत सापडणाऱ्या थ्रिनॅक्सोडॉनमध्ये जबड्याचा बहुतेक भाग या एकाच हाडाने व्यापलेला दिसतो, तरी सांधा मात्र अजून जुन्या जोडीचाच आहे. चावण्याचे स्नायू जसजसे दंतधारी हाडावर एकवटले, तसतसा सांध्यावर येणारा ताण कमी होत गेला आणि मागची हाडे लहान व सैल होत गेली. पुढे या हाडाची मागची कड कवटीला जाऊन टेकली. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गनुकोडॉन या उंदराएवढ्या प्राण्यात दोन्ही सांधे शेजारी शेजारी आहेत. बाहेरच्या बाजूला नवा भक्कम सांधा आहे, आणि आतल्या बाजूला दंतधारी हाडाच्या एका खाचेत बसलेली जुनी बारीक हाडे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या एका जीवाश्माचे तर डायार्थ्रोग्नॅथस हे नावच 'दुहेरी सांध्याचा जबडा' या अर्थाचे आहे. हा प्राणी उपाशी राहण्याचा प्रश्नच आला नाही, कारण नवा सांधा भार पेलू लागल्यानंतरच जुना मोकळा झाला.

यात आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही मागची हाडे कानाचे काम जबडा सोडल्यानंतर शिकली नाहीत. जबड्यात असतानाच ती ऐकण्याच्या उपयोगाची होती. एडगर ॲलिन यांनी १९७५ मध्ये मांडले की या पूर्वजांत कानाचा पडदा जबड्याच्या मागच्या हाडांवरच ताणलेला असावा आणि आवाजाची कंपने त्या हाडांतून क्वाड्रेटमार्गे रिकिबीपर्यंत पोचत असावीत. आज आपल्या कानाच्या पडद्याभोवती जी हाडाची कडी असते, ती याच मागच्या हाडांपैकी अँग्युलर नावाच्या हाडाची वारस आहे. एकच हाड घास चावायला आणि आवाज वाहायला वापरले जात होते. चावण्याचा भार उतरला तेव्हा ते हलके होऊ शकले, आणि हलके हाड बारीक, उंच स्वराचा आवाज अधिक चांगला वाहते.

यानंतरची पायरीही चीनमधील खडकांत सापडली. सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या यानोकोनोडॉन या सस्तन प्राण्यामध्ये, आणि त्याहून थोड्या नंतरच्या लियाओकोनोडॉनमध्ये कानाची हाडे जबड्याच्या सांध्यातून सुटलेली आहेत, पण मेकेलची कूर्चा हाड बनून टिकली आहे आणि तिने ती जबड्याला पुढून धरून ठेवली आहेत. यांची वर्णने अनुक्रमे २००७ आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भात काही आठवडे दिसणारी रचना तिथे मोठ्या झालेल्या प्राण्यात दिसते. गर्भ जणू तोच इतिहास पुन्हा जगतो.

मुलांना आपल्या भागाचीही आठवण करून द्यावी, असे मला वाटते. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. या गावाच्या नावाने ओळखला जाणारा ज्युरासिक काळातला 'कोटा' स्तरसमूह जगभरच्या जीवाश्मतज्ज्ञांना ठाऊक आहे. बारापासॉरस हा प्रचंड शाकाहारी डायनोसॉर याच थरांत सापडला. त्याच्या पायाखाली वावरणाऱ्या चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्यांचे इवलेसे दातही प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील याच थरांतून मिळाले आहेत. १९८१ मध्ये वर्णन झालेला कोटाथेरियम आणि २००१ मध्ये वर्णन झालेला, मॉर्गनुकोडॉनच्या कुळातला इंडोझोस्ट्रोडॉन ही त्यांतली दोन नावे. म्हणजे दुहेरी सांध्याच्या जबड्याचे भाऊबंद आपल्या विदर्भाच्या दक्षिण टोकाला नांदत होते. मी नोकरीत असताना विद्यार्थ्यांना घेऊन सिरोंच्याकडे जात असे, आणि त्या लालसर खडकांपुढे उभे राहून ही गोष्ट सांगताना दरवेळी माझा आवाज थोडा कापरा व्हायचा.

उत्तर २
पशुवैद्यक, दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ

मॅडम, विषयाच्या आधी एक कळकळीची सूचना. धुऱ्यावर, नाल्यात किंवा गायरानात पडलेली हाडे मुलांना आणायला सांगू नका. जनावर कशाने मेले ते आपल्याला माहीत नसते. फाशी म्हणजे अँथ्रॅक्सने मेलेल्या जनावराच्या अवशेषांत आणि आजूबाजूच्या मातीत त्या रोगाचे बीजाणू अनेक वर्षे जिवंत राहतात. धुऱ्यावरची कवटी ज्यांनी हाताळली, त्या सर्वांनी साबणाने हात धुतले आहेत ना, याची खात्री करा, आणि कोणाच्या हातावर न दुखणारा, मध्ये काळी खपली धरणारा फोड आला, तर ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तसे घडण्याची शक्यता कमी आहे, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

वर्गासाठी बाजारातून तपासलेल्या बोकडाची मुंडी खाटकाकडून घ्या. ती कापताना कानाच्या मागचा भाग फोडू नका, असे त्याला आधीच सांगा, कारण मेंदू काढण्यासाठी मारलेला घाव बहुतेक वेळा तिथेच बसतो. मुंडी भरपूर पाण्यात मांस सुटेपर्यंत शिजवा आणि नंतर काही दिवस साध्या पाण्यात भिजवत ठेवा, पाणी रोज बदला. ब्लीचिंग पावडर घालू नका, बारीक हाडे ठिसूळ होतात. उकळलेले आणि भिजवलेले सगळे पाणी चहाच्या गाळणीतून गाळा, कारण कानातली हाडे कधी कधी आपोआप सुटून पाण्यात येतात. कवटी पूर्ण वाळली की कानाचे भोक खाली करून पांढऱ्या कागदावर हळूहळू आपटा. हातोडी तिच्या लांबट दांड्यामुळे लगेच ओळखू येते. ऐरण ज्वारीच्या दाण्याएवढी, दोन मुळे असलेल्या दाढेसारखी दिसते. रिकीब मोहरीएवढी असल्यामुळे ती बहुधा हरवते. सोबत भिंग ठेवा.

जबड्याच्या सांध्याबद्दल मुलांना दाखवण्यासारखे आणखी एक आहे. बोकडाच्या जबड्याचे वरचे टोक बरेच सपाट आणि रुंद असते आणि कवटीवर ते जिथे टेकते ती जागाही उथळ असते. त्यामुळे जबडा आडवा सरकू शकतो. गोठ्यात रवंथ करणाऱ्या बैलाकडे समोरून पाहिले की खालचा जबडा एका बाजूला जाऊन गोल फिरून परत येताना दिसतो. कुत्र्याचा जबडा हातात घेतला तर तेच टोक आडव्या लाटण्यासारखे असते आणि खोलगट खाचेत अडकलेले असते, म्हणून तो दाराच्या बिजागरीसारखा फक्त वर-खाली हलतो. सांधा एकच, पण गवत दळणाऱ्यात आणि मांस तोडणाऱ्यात त्याचा आकार किती वेगळा झाला, हे मुलांना गोठ्यात आणि अंगणात उभे राहून कळेल.

आणि घोरपडीचे किंवा सापाचे डोके कोणी तुलनेसाठी आणून देतो म्हणाले, तर नको म्हणा. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. जुना सांधा दाखवायला कोंबडी पुरेशी आहे.

उत्तर ३
एम.एस्सी. विद्यार्थिनी, मूळ गाव मोर्शी तालुका, जिल्हा अमरावती

सरांचे उत्तर वाचून मला फार आनंद झाला. तरी त्यांच्या एका वाक्याबद्दल आदरपूर्वक मतभेद नोंदवते. "गर्भ जणू तोच इतिहास पुन्हा जगतो" असे मुलांना सांगितले तर त्यांची समजूत होईल की बोकडाचे पिल्लू पोटात आधी सरडा होते आणि मग बोकड होते. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांच्या १८६६ च्या मांडणीमुळे हा समज पसरला, पण तो टिकला नाही. मोठ्या झालेल्या पूर्वजाची रचना गर्भात उमटत नाही. सुरुवातीच्या अवस्था सगळ्यांच्या एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात आणि पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. शिक्षिकाताईंचा दुसरा प्रश्न नेमका इथेच आहे: हाडे सरकतात की तिथेच होतात?

माझ्या मते त्याचे उत्तर असे द्यावे. जबड्यात पूर्ण तयार झालेले हाड उठून कानात जात नाही. गर्भात पहिल्या कमानीत, म्हणजे ज्या उंचवट्यापासून जबडे तयार होतात त्या भागात, पेशींचा एक समूह घट्ट होतो आणि त्याची कूर्चा बनते. या पेशींतील बऱ्याचशा गर्भातल्या तयार होणाऱ्या मेंदूच्या कडेवरून स्थलांतर करून आलेल्या असतात, आणि खरे 'सरकणे' असेल तर ते या टप्प्यावरच असते. कूर्चेची कांडी सुरुवातीला हनुवटीपासून कानापर्यंत सलग असते. तिच्या पुढच्या भागाभोवती दंतधारी हाड स्वतंत्रपणे, कूर्चेशिवाय, पडद्यासारख्या ऊतीतून वाढते. मागच्या टोकात हातोडी आकार घेते. मधला भाग नंतर विरतो आणि कान जबड्यापासून वेगळा होतो. माणसाच्या गर्भात कमानी चौथ्या आठवड्यात दिसू लागतात, ही कूर्चा सहाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होते, नवा सांधा त्यानंतर सातव्या-आठव्या आठवड्यापासून आकार घेऊ लागतो आणि हातोडी-ऐरणीत हाड धरायला सोळाव्या आठवड्याच्या आसपास सुरुवात होते. म्हणजे गर्भातही जुनी जोडी आधी येते आणि नवा सांधा नंतर. या नव्या सांध्याच्या टोकावरची कूर्चाही वेगळीच असते: ती मूळ कांडीचा भाग नसते, आधीच तयार होत असलेल्या हाडावर मागाहून धरते.

कांडीचा मधला भाग विरतो कसा, हे २०१७ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. हाड आणि कूर्चा पोखरणाऱ्या विशिष्ट पेशी तिथे येतात आणि हातोडीजवळचा तो भाग खाऊन टाकतात. ज्या उंदरांत जनुकीय बदलामुळे या पेशीच तयार होत नाहीत, त्यांच्यात कांडी तुटत नाही आणि हातोडी जबड्याला जोडलेलीच राहते, अगदी सरांनी सांगितलेल्या चीनमधल्या जीवाश्मांसारखी. मला हे वाचताना विलक्षण वाटले, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडातली रचना आणि प्रयोगशाळेतल्या उंदराची रचना एकाच धाग्याने बांधली गेली.

त्या मुलाच्या शंकेला सर्वांत सुंदर उत्तर ऑपोसम नावाचा पिशवीधारी प्राणी देतो. करड्या रंगाच्या, आखूड शेपटीच्या ऑपोसमचे पिल्लू फक्त १४ दिवसांच्या गर्भारपणानंतर जन्मते. ते एक सेंटिमीटरच्या आसपास असते आणि त्याचा नवा सांधा जन्माच्या वेळी तयार झालेलाच नसतो. तरीही ते आईच्या स्तनाला चिकटून दूध पिते. त्या दिवसांत खालच्या जबड्याला मागचा आधार मिळतो तो हातोडी-ऐरणीच्या बाजूने, म्हणजे जी हाडे पुढे ऐकण्याच्या कामी येणार आहेत त्यांचाच. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नवा सांधा तयार होतो आणि त्याच सुमारास मेकेलची कूर्चा कानापासून तुटते. इथे जुना आख आणि नवा आख एकाच पिल्लाच्या आयुष्यात एकामागून एक काम करताना दिसतात. अर्थात दूध ओढणे आणि घास चावणे यांत फरक आहे, हे मुलांना सांगावे.

जनुकांची साक्षही तीच आहे. बॅप्क्स-१ नावाचे जनुक माशाच्या जबड्याच्या सांध्याच्या जागी काम करते. झेब्राफिशमध्ये त्याचे काम रोखले की तो सांधाच तयार होत नाही. उंदरात हेच जनुक हातोडी आणि ऐरण जिथे भेटतात तिथे, म्हणजे त्याच जागी चालू असते. तिथे ते नसले तरी सांधा तयार होतो, पण हातोडीचा आकार आणि पडद्याभोवतीची कडी बिघडते. जागा जुनी राहिली आणि काम थोडे बदलले.

उत्तर १ लिहिणाऱ्यांकडून

मुलीचे म्हणणे बरोबर आहे आणि ते वाक्य मी मागे घेतो. माझ्या पिढीला ते तसेच शिकवले गेले आणि मीही ते वर्षानुवर्षे तसेच शिकवले. ताईंनी वर्गात तिची मांडणी वापरावी.

उत्तर ४
कान-नाक-घसा तज्ज्ञ, यवतमाळ

या जुन्या नात्याच्या खुणा माणसाच्या शरीरात आजही आहेत आणि आमच्या कामात त्या रोज भेटतात. हातोडीला ओढून पडदा ताणणारा एक बारीक स्नायू असतो. त्याला येणारी चेता ही चावण्याच्या स्नायूंना जाणाऱ्या चेतेचीच शाखा आहे. कानातल्या स्नायूला जबड्याची चेता का, याचे उत्तर त्याच्या पहिल्या कमानीतल्या उगमात आहे. रिकिबीच्या स्नायूला मात्र चेहऱ्याची चेता जाते, कारण रिकीब दुसऱ्या कमानीची. मेकेलच्या कूर्चेचा जो भाग विरला, त्याच्या जागी एक अस्थिबंध उरतो, जो कवटीच्या तळापासून खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूपर्यंत जातो, आणि हातोडीच्या पुढच्या बाजूचा अस्थिबंध एका बारीक फटीतून त्याच दिशेने निघतो. शवविच्छेदनाच्या वर्गात हे दोन्ही पाहिले की तुटलेला धागा जोडून दिसतो.

ही हाडे कानात नेमके काय करतात, हेही मुलांना आकड्यांत सांगता येईल. कानाच्या पडद्याचे कंप पावणारे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर असते आणि रिकिबीचा तळ ज्या खिडकीत बसतो तिचे सुमारे ३.२. मोठ्या पृष्ठभागावरचा जोर लहान जागेत एकवटल्यामुळे दाब सुमारे सतरा पट होतो आणि हातोडी-ऐरणीच्या तरफेमुळे आणखी सुमारे १.३ पट, म्हणजे एकूण सुमारे बावीस पट. हवेतला आवाज आतल्या कानातल्या द्रवात उतरवायला हा जोर लागतो, नाहीतर बहुतेक आवाज पाण्यावरून परतावा तसा परततो.

याचा एक वैद्यकीय अर्थ मला आवर्जून सांगायचा आहे. पहिल्या कमानीच्या वाढीत जन्मतः दोष राहिला, तर त्याचा परिणाम जबडा आणि कान या दोन्हींवर होऊ शकतो. ट्रीचर कॉलिन्स विकारात मुलाची हनुवटी लहान व मागे गेलेली असते, गालाची हाडे दबलेली असतात, आणि अनेकदा हातोडी व ऐरण नीट तयार न झाल्याने ऐकू कमी येते. आतला कान अनेकदा चांगला असतो, त्यामुळे हाडातून आवाज पोचवणाऱ्या यंत्राचा अशा मुलांना चांगला उपयोग होतो. गावात असे मूल दिसले की घरचे लोक चेहऱ्याकडे पाहतात आणि मूल बोलत नाही म्हणजे ते मंदबुद्धीचे आहे, असे धरून चालतात. माझ्याकडे असे एक मूल सातव्या वर्षी आले होते. त्याची बुद्धी उत्तम होती, फक्त तोपर्यंत कोणी त्याचे ऐकणे तपासले नव्हते. तुमच्या शाळेत किंवा अंगणवाडीत लहान जबड्याचे, कानाच्या पाळीचा आकार वेगळा असलेले मूल असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते तेव्हा त्याचे ऐकणे तपासून घेण्याचा आग्रह धरा. जन्मतः असलेला बहिरेपणा त्या कार्यक्रमाच्या यादीत आहे.

उलट दिशेनेही गोंधळ होतो. कान दुखतो म्हणून येणाऱ्या अनेक रुग्णांचा कान स्वच्छ निघतो आणि दुखणे जबड्याच्या सांध्यात असते, कारण सांधा कानाच्या अगदी पुढे आहे आणि दोन्हींकडच्या वेदना एकाच चेतेच्या शाखांतून जातात. आपल्या भागात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खाणारे रुग्ण तोंड उघडत नाही म्हणून येतात, तेव्हा मात्र बहुधा सांधा चांगला असतो आणि गालाची आतली त्वचा कडक झालेली असते. तोंड उघडत नाही आणि त्यासोबत एका कानात सतत ठणका आहे, असे सांगणाऱ्या खर्रा खाणाऱ्याला मी कधीच कानाचे थेंब देऊन परत पाठवत नाही. त्याच्या तोंडाची आधी पूर्ण तपासणी करतो, कारण जिभेच्या किंवा घशाच्या गाठीचे दुखणेही कानात जाणवू शकते.

प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिकेकडून

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. पशुवैद्यक डॉक्टरांची सूचना वाचून मला आधी भीती वाटली. ती कवटी दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या मदतीने खोल पुरली, मुलांचे हात तपासले. सर्व ठीक आहे. यापुढे बाहेरचे हाड शाळेत येणार नाही.

बुधवारच्या बाजारातून मुंडी आणली आणि सांगितल्याप्रमाणे केले. काल वर्गात कवटी कागदावर आपटली, तेव्हा दुसऱ्याच ठोक्याला हातोडी पडली आणि थोड्या वेळाने ऐरण. दोन्ही भिंगाखाली जुळवून पाहिल्या, तर त्यांची टोके एकमेकींत बसली. बंडीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने त्या जोडीवर बराच वेळ बोट ठेवून पाहिले आणि मग कोंबडीचा सांधा उचलून शेजारी ठेवला. ऑपोसमच्या पिल्लाचे सांगितल्यावर त्याने विचारले की मग ते पिल्लू दूध पीत असताना त्याला ऐकू येत असेल का. याचे उत्तर कोणी सांगू शकेल का? आणि गाळणीत, कागदावर कुठेही रिकीब मिळाली नाही. ती हरवली असावी की आतच अडकली असावी?

उत्तर ३ लिहिणाऱ्या विद्यार्थिनीकडून

ताई, त्या वयात ऐकू येत नाही. आतल्या-मधल्या कानाची वाढ तेव्हा अपुरी असते, मधल्या कानाची पोकळी ऊतीने भरलेली असते आणि हातोडी अजून जबड्याला जोडलेली असते. कूर्चा तुटून कान मोकळा झाल्यानंतरच त्याचे ऐकणे सुरू होते. म्हणजे त्या पिल्लात ही हाडे आधी जबड्याला आधार देतात आणि मगच ऐकण्याच्या कामाला लागतात.

उत्तर २ लिहिणाऱ्या पशुवैद्यकांकडून

मॅडम, रिकीब बहुधा आतच आहे. तिचा तळ आतल्या कानाच्या खिडकीत घट्ट बसलेला असतो आणि नुसते आपटून तो सुटत नाही. कवटी पुन्हा एक रात्र पाण्यात भिजवा, कानाचे भोक उन्हाकडे करून आत पाहा, आणि दिसली तर बारीक सुईने कडेने हलकेच उचला. सुई मध्ये घालू नका. रिकिबीच्या दोन्ही पायांच्या मधली जागा पोकळ असते, तिथे जोर लावला की ती मोडते.